रिकामं नसलेलं फोल्डर

केंद्रातल्या सगळ्या मशीनची दुखणी तोच बरी करायचा, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणत. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचं बोलणं इथे आधी रेकॉर्ड करून ठेवत. ते साफ करून घरच्यांच्या हाती देणं हे वैद्याचं काम. हाताला गुण होता, पण कुणाला काही विचारायचं म्हटलं की कपाळावर आठी.

रेकॉर्डिंग दुसऱ्या इमारतीतल्या सर्व्हरवर असत. वैद्य एसएसएचने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, तिथलं फोल्डर आपल्या मशीनवरच्या एका रिकाम्या फोल्डरला जोडून घेई. मग तिथल्या फाइली इथल्याच असल्यासारख्या दिसत. इथे पुसलं की तिथलंही जाई.

त्या सकाळी जोडणी होईना. कमांड दिली की स्क्रीन ढिम्म. त्याने पासवर्ड तपासला, केबल काढून परत घातली, मग चिडून तीच कमांड पुन्हा पुन्हा हाणली. शेवटी संदेश आला: फोल्डर रिकामं नाही, जोडता येत नाही. उघडून बघतो तर आत फाइलीच फाइली.

"मागच्या वेळी उतरवलेल्या प्रती राहिल्या वाटतं," तो पुटपुटला.

"अहो, आधीची एखादी जोडणी लागलेली नाही ना, बघा तरी," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"मला शिकवू नका."

त्याने सगळं पुसायला लावलं. जुन्या प्रती चुटकीसरशी जायला हव्यात, हे संपेचना. तेव्हा कुठे त्याने चालू जोडण्यांची यादी उघडली. आधीच्या प्रयत्नांपैकी एक उशिरा का होईना, लागला होता; पुसल्या जात होत्या त्या सर्व्हरवरच्या मूळ फाइली.

त्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. "बॅकअप आहे ना?"

"बॅकअप म्हणजे जशीच्या तशी नक्कल. तुम्ही पुसलंत, तिकडेही पुसलं गेलं."

बाकीच्यांना प्रती मिळालेल्या होत्या, नाहीतर त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, पुन्हा रेकॉर्ड करता येणार होतं. फक्त एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंचं नुकतंच झालं होतं. लेकीला बाळ होणार होतं, त्याच्यासाठी बाईंनी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. त्यातलं काही उरलं नव्हतं. माइक तपासतानाचा एक तुकडा तेवढा वैद्याच्या फोनमध्ये होता.

"सर्व्हर जळाला म्हणून सांगा," केंद्राच्या मॅडम म्हणाल्या. बाई नवऱ्याबरोबर आल्या तेव्हा त्याने तसंच सांगितलं.

बाईंच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुमचा काय दोष?' आणि त्याच्या हातावर थोपटलं. त्याला खरं बोलायचं होतं.

"काहीच नाही का हो राहिलं?" नवऱ्याने विचारलं.

वैद्याने फोन पुढे केला. बाईंचा खणखणीत आवाज आला, "येतंय का ऐकू? की अजून जवळ बोलू?"

"येतंय, येतंय," म्हातारा सवयीने बोलून गेला. मग फोन कानाशी घट्ट धरून तो खिडकीकडे वळला. "पुन्हा लावा."

वैद्याने लावलं.

"पुन्हा."

बाईंनी पाटी पुसली, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंद करा', आणि वर धरली. नवऱ्याची त्यांच्याकडे पाठ होती. पाटी वाचली ती एकट्या वैद्याने.

"पुन्हा लावा ना," म्हातारा म्हणाला.

त्याने लावलं.