बाबांच्या वतीने

सुशांत वझलवार नागपूरहून अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस करायला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात बस स्टॉपजवळच्या बर्फावरून घसरून त्याचा घोटा मोडला. रूममेट सुट्टीत आपापल्या नातेवाइकांकडे गेलेले. दुसऱ्या मजल्यावर पाय उशीवर ठेवून तो एकटाच पडून होता. खालच्या मजल्यावर हॅन्सन नावाचं म्हातारं जोडपं राहायचं. मिसेस हॅन्सननी पाच आठवडे रोज त्याला गरम सूप आणून दिलं, कपडे धुऊन दिले, आणि कधीही आपण काही करतो आहोत असं दाखवलं नाही.

पाय बरा झाल्यावर तो त्यांच्याकडे जेवायला गेला. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. "आमची एलन," मिसेस हॅन्सन बटाटे वाढता वाढता म्हणाल्या, "अकराव्या वर्षी गेली. ती आमची वाट बघते आहे." मुलगी दुसऱ्या गावी शिकायला असावी, इतक्या सहज त्या हे बोलल्या. सुशांतने पुन्हा त्या फोटोकडे पाहिलं. आपल्या घरात मेलेल्या माणसाविषयी असं कोणी कधी बोललं नव्हतं.

हॅन्सन मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका वेगळ्या पंथाचे होते. सुशांत त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जायला लागला आणि वर्ष सरायच्या आत त्याने बाप्तिस्मा घेतला. पंथाच्या नियमाप्रमाणे चहा सुटला, कॉफी सुटली. रविवारी दुकानात जाणं बंद झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास सुरू झाला. कुटुंब मरणानंतरही टिकतं, टेंपलमध्ये, म्हणजे चर्चहून वेगळ्या अशा त्यांच्या खास मंदिरात, विधी करून ते कायमचं जोडता येतं, यावर त्याचा मनापासून विश्वास बसला.

घरी सांगायला त्याने महिना लावला. वडील, त्र्यंबकराव, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले, आणि फोन शैलाबाईंच्या हातात दिला. आई नुसती रडत राहिली. त्यानंतर वडील-मुलाचं बोलणं तुटलं नाही, पण ते तब्येत आणि हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नाही.

नोकरीही त्याला ॲन आर्बरलाच लागली. चर्चमध्ये तो सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. कोणाचं घर हलवायचं असो, कोणा म्हाताऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा असो, फोन सुशांतला यायचा. पण लग्न जमलं नाही. चर्चमधल्या दोघीतिघींना तो भेटला. सगळ्या चांगल्या होत्या, सगळ्यांनी चांगल्या शब्दांत नकार दिला. तिशी ओलांडली तसा अविवाहित तरुणांच्या गटातून तो संसारी माणसांच्या गटात आला. आता रविवारी पुढच्या बाकावर पाच माणसं, मागच्या बाकावर सात, आणि मधल्या बाकाच्या टोकाला हा एकटा. ज्या धर्माचा कणाच कुटुंब आहे, त्यात तो विनापाश होता.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात आई-वडील तीन महिने येऊन राहिले. एका रविवारी त्र्यंबकराव आपणहून म्हणाले, "चल, बघू तरी तू कुठं जातोस." त्या दिवशी लोक एकेक करून पुढे येऊन आपल्या श्रद्धेविषयी बोलत होते. कोणी रडत होतं. घरी परतताना गाडीत त्र्यंबकराव म्हणाले, "माणसं चांगली आहेत रे. पण प्रत्येक जण 'मला माहीत आहे' असं म्हणून राहिला. इतकं कसं माहीत असतं?"

सुशांतने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सिग्नल हिरवा झाला आणि वडिलांनी बाहेर पाहत दुसराच विषय काढला. इतक्या वर्षांत बाप-लेकांचं याविषयी झालेलं हे एवढंच बोलणं. पुढेही झालं नाही. दोन हजार तेवीसच्या जानेवारीत त्र्यंबकराव हृदयविकाराने गेले.

सुशांत पोचला तिसऱ्या दिवशी. अग्नी त्याचा चुलतभाऊ रवीने दिला होता. दहाव्याला गुरुजींनी सुशांतला पुढे बोलावलं, तेव्हा तो जागचा हलला नाही. "ज्यावर माझा विश्वास नाही ते मी बाबांसाठी खोटं खोटं कसं करू?" असं तो हळूच आईला म्हणाला. त्याच्या मते तो वडिलांचा मान राखत होता. शैलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि रवीला खूण केली. पिंडदान रवीनेच केलं.

त्या वर्षअखेरीला शैलाबाई सहा महिन्यांसाठी ॲन आर्बरला आल्या. सुशांतने त्यांच्यासाठी चहापत्ती, आलं, गाळणं, सगळं आणून ठेवलं होतं. त्या सकाळी एकाच कपाचा चहा करायच्या आणि उभ्यानेच प्यायच्या. देवघर मांडायला त्याने कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला. दोघंही एकमेकांना जपत होती, आणि त्या जपण्याने घरात अवघडल्यासारखं व्हायचं.

त्याच्या चर्चमध्ये मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो. माणूस जाऊन वर्ष व्हावं लागतं, आणि अलीकडे गेलेला असेल तर सर्वांत जवळच्या नातलगाची परवानगी लागते. म्हणजे पत्नीची. जानेवारी सरला तसा एका शनिवारी जेवण झाल्यावर सुशांतने विषय काढला.

"आई, बाबांना त्यात ओढायचं नाहीये. त्यांना फक्त एक दार उघडून द्यायचं. आत जायचं की नाही, ते तेच तिकडं ठरवतील."

"ते नाही जाणार."

"तुला कसं माहीत?"

"बेचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर." शैलाबाई ताटं गोळा करत होत्या. "इथं जे करायचं होतं ते तू केलं नाहीस. आता तिकडचं कशाला करून राहिलास?"

"मला ते पुन्हा भेटायला हवेत, आई. मला दुसरं कोणी नाही."

त्यांनी ताटं हातात घेतली. मग म्हणाल्या, "मी आहे अजून," आणि स्वयंपाकघरात गेल्या. परवानगी त्यांनी दिली नाही.

तीन आठवडे सुशांतने तो विषय काढला नाही. कॉम्प्युटरवरच्या अर्जात एकच चौकोन होता: जवळच्या नातलगाची संमती आहे. पडताळायला कोणी येणार नव्हतं. तो दर संध्याकाळी अर्ज उघडायचा आणि बंद करायचा. एका बुधवारी ऑफिसातून आल्यावर, आई पलीकडे भाजी निवडत असताना, त्याने चौकोनात खूण केली.

टेंपल डेट्रॉइटकडे, गाडीने पाऊण तासावर. शनिवारी सकाळी पांढरे कपडे घालून तो बाप्तिस्म्याच्या कुंडात उतरला. पाणी कोमट होतं. विधी करणारे गृहस्थ सत्तरीचे होते. हातातल्या कागदावरचं नाव त्यांना वाचता येईना. "कसं म्हणायचं?" त्यांनी आदराने विचारलं. सुशांतने दोनदा सांगितलं. त्यांनी पुटपुटत सराव केला, हात वर केला आणि म्हणताना पुन्हा अडखळले. ट्रिंबॅक, असं काहीतरी झालं. सुशांतला थांबवता आलं असतं. त्याने थांबवलं नाही. त्यांनी त्याला पाण्याखाली घेतलं आणि वर काढलं.

ज्या शांतीची त्याने वर्षभर वाट पाहिली होती ती आली नाही. कपडे बदलायच्या खोलीत बसून त्याने केस तीनतीनदा पुसले. आपण वडिलांना विचारलं नाही, आईचं ऐकलं नाही आणि देवाच्या घरात खोटं लिहून आत आलो, एवढंच त्याला लख्ख दिसत होतं.

त्याच दुपारी त्याने आईला सांगितलं. काहीही लपवलं नाही. शैलाबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या.

"त्यांना आयुष्यभर कोणी न विचारता काही केलेलं खपलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "निदान गेल्यावर तरी सोडायचं होतंस."

"चूक झाली माझी."

"हो. झाली." त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "रवीला फोन लावून दे."

सहा महिने पुरे व्हायची वाट न बघता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या नागपूरला परत गेल्या. एअरपोर्टवर त्यांनी त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली आणि मागे वळून न पाहता आत गेल्या. त्यांचा आता रविवारी फोन येतो. त्र्यंबकरावांचं नाव त्यात निघत नाही. श्राद्ध कधी झालं हे सुशांतला रवीकडून कळतं.

सुशांतने बिशपला, म्हणजे चर्चच्या बिनपगारी प्रमुखालाही, सगळं सांगितलं. बिशप एका शाळेत गणित शिकवणारा भला माणूस. तो रागावला नाही. टेंपलमध्ये प्रवेश देणारं पत्र त्याने सहा महिन्यांसाठी काढून घेतलं आणि म्हणाला, "झालेला विधी तुझ्या वडिलांवर बंधनकारक नाही. स्वीकारायचा की नाही, हे त्यांच्या हातात आहे." सुशांतने मान हलवली. वडील काय ठरवतील, याविषयी आईइतकीच त्यालाही खात्री होती. आणि ते नाही म्हणाले, तर त्याच्याच श्रद्धेप्रमाणे, त्याला मरणानंतर आपलं कोणीच भेटणार नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पत्र परत मिळालं. तो अजून टेंपलला गेलेला नाही. चर्चला मात्र दर रविवारी जातो. कोणाला मदत लागली तर पहिला फोन अजूनही त्यालाच येतो.