समोरच्याने ओळखल्याशिवाय

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर मी हवालदार होतो, दहा जवानांचं सेक्शन माझ्याकडे. माझ्या हाताखाली नाईक हिंमत. मी चोपड्याचा, तो दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. जळगावला तत्त्वज्ञानात एम.ए. करून तो फौजेत आला होता.

सकाळच्या चहाला तो जर्मन तत्त्वज्ञांचं सांगायचा.

"माणसाची जाणीव एकदम जागी होत नाही, भाऊ. आधी तिला नुसत्या वस्तू दिसतात. मग समोर दुसरी जाणीव उभी राहते. झुंज लागते, तू मला मानायचं की मी तुला. पण समोरच्याला मारूनच टाकलं, तर मला माणूस म्हणून ओळखणार कोण?"

"गोळी घालणारा हे विचारतो का?"

"तो नाही विचारत. आपण विचारू शकतो."

एका दुपारी आम्ही सफरचंदाच्या बागेतलं घर घेरलं. आत दोन हत्यारबंद अतिरेकी. बराच वेळ फायरिंग झालं, मग थांबलं. घराला लागून असलेल्या गोठ्यातून आवाज आला, "गोली मत चलाना. मैं बाहर आ रहा हूँ."

रेडिओवर कंपनी कमांडर होते. "सरेंडर पक्का? ओव्हर."

"पक्का नाही, सर. ओव्हर."

"फैसला तुमचा. आउट."

"भाऊ, येऊ द्या त्याला," हिंमत म्हणाला. "मी बोलतो."

मी फायर रोखला. हिंमत आडोशातून अर्धा बाहेर आला. "हथियार फेंक. मेरी तरफ देखते हुए आ."

रायफल टाकून तो माणूस हात वर करून चालत आला. दोघांची नजर एकमेकांवर होती. तेवढ्यात घराच्या खिडकीतून गोळ्यांचा बर्स्ट आला. हिंमत पडला. खिडकीतल्याला आमच्या मशीनगनने तिथेच संपवलं.

मग सगळ्या रायफली त्या निःशस्त्र माणसाकडे वळल्या. माझीसुद्धा. तो गुडघ्यांवर बसला होता. माझं बोट ट्रिगरवर होतं.

त्याला हिंमतने बोलावलं होतं. मी रायफल खाली केली आणि मध्ये जाऊन उभा राहिलो.

"कोणी फायर करणार नाही. हात बांधा याचे."

हिंमतला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. कैद्याने विचारलं, "इनका नाम क्या था?" मी सांगितलं. त्याने ते एकदा पुटपुटलं.

अंत्यसंस्कारानंतर मी हिंमतच्या वडिलांना, नानांना, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"तो मानूस जित्ता शे का?"

"हो नाना. तुरुंगात आहे."

नाना म्हणाले, "नाव इचारं ना त्यानी? मंग त्याले सांगा, हिंमतले बाप शे."

कमांडरसाहेबांमार्फत मी ते पोचवलं. आता निवृत्त होऊन मी धुळ्याला राहतो. कॉलेजांत बोलायला बोलावतात, तेव्हा माझ्या नावाआधी नाईक हिंमतचं नाव सांगतो.