ओढलेला हँडब्रेक

पानिपतहून परतताना आमची जुनी गाडी जड चालत होती. मग जळका वास आला आणि मागून आई ओरडली, “अगं, माझ्या बाजूने धूर येतोय!” पेट्रोलची टाकी तिच्या सीटखालीच. गाडी कडेला घेऊन आईला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. तिच्या बाजूचं मागचं चाक इतकं तापलं होतं, की जवळ हात नेववेना.

मेकॅनिकने चाक उघडलं. हँडब्रेकची केबल गंजून ब्रेक चिकटला होता. धुक्याचे सगळे दिवस गाडी गल्लीत उभी होती आणि मी तो ओढून ठेवला होता. इथे दिल्लीत कसला डोंबलाचा उतार, पण पुण्याची सवय! इथे गल्लीत हँडब्रेक लावतच नाहीत. अडलेल्याने पुढची गाडी ढकलून आपली काढायची.

केबल बदलली. आता मीही लावत नाही. पण गल्लीत पोरं खेळत असतात, आणि माझी गाडी कुणीही ढकलू शकतं.