डावीकडचं सांगायचं काम

मुलाची शर्यतीची गाडी इब्रामपूरला न्यायची म्हटली की आदल्या दिवसापासूनच माझं अंग जड व्हायचं. गाडी मी चालवत नव्हते, ओढतही नव्हते. मी नुसती शेजारी बसून बोलायची. पण त्या बोलण्याने जेवढी थकले तेवढी मी लावणीच्या दिवसांत चिखलात वाकूनसुद्धा कधी थकले नाही.

ती गाडी म्हणजे एका जुन्या जीपचा सांगाडा. मुलगा डिचोलीला औद्योगिक वसाहतीत कामाला. तिथल्या बेळगावकडच्या एका वेल्डरला धरून त्याने तिचे अ‍ॅक्सल रुंद करून घेतले, मातीत जोरात वळताना उलटू नये म्हणून. छप्पर नाही, काच नाही, दारं नाहीत, नुसते पाइप जोडलेले. आणि रुंद किती म्हणाल, तर आमच्या उघड्या ट्रेलरवर चढवली की दोन्ही बाजूंची चाकं वीतभर बाहेर लोंबायची. पुढे आमची पिकअप अरुंद, मागे हे धूड. पिकअप जिथून निघून जाईल तिथून मागचं चाक जाईलच, असा भरवसा नव्हता.

ओढायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. उमेदीची सगळी वर्षं खाणीवर टिपर चालवण्यात गेली. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, मग ही पिकअप आणि ट्रेलर घेतला. मांद्र्याला येणाऱ्या पाहुण्यांच्या बंद पडलेल्या मोटारी, गेस्टहाऊसच्या पाण्याच्या टाक्या, चवथीला मंडळाचा गणपती, काय म्हणून ओढलं नाही! ह्यांच्या हातून कधी कुणाच्या कुंपणाला खरचटलं नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही, आमचं सगळं नार्वे गाव सांगेल.

गेल्या पावसात ह्यांचा डावा डोळा गेला. काचबिंदू. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता गाडी चालवू नका. हे बाहेर आले, चपला शोधल्या, पायात घातल्या आणि मुलाबद्दल मला म्हणाले, "झिलाक कळता कामा नये."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"त्याका कळला तर तो माका पिकअपीक हात लावूक दिवचो नाय. आणि ट्रेलर दुसरो कोण ओढतलो? उद्याच्या उद्या शर्यतीची गाडी विकून मोकळो होतलो. मगे मी करू काय? सोप्यार बसून माशयो मारू?"

बाकीची भाडी सोडतो, ही शर्यतीची खेप तेवढी राहू दे, असं म्हणाले. मला देवाची आण घातली. हा माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही. मला वाटलं, दोन खेपा, फार तर तीन. मग आपणहून सोडतील. कसले सोडतायत! भात कापून शेतं मोकळी झाली, इब्रामपूरच्या शर्यती सुरू झाल्या आणि माझी ड्युटी लागली.

मुलगा सकाळीच मित्राच्या मोटरसायकलवरून पुढे जायचा, मैदानातली तयारी बघायला. मग आम्ही दोघं निघायचो. डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे आणि तिथून आत. मी डावीकडच्या सीटवर, काच खाली, मान अर्धी बाहेर. आणि तोंड चालू. "खांब आसा." "दगडांचो गडगो, पण लांब आसा." "म्हस, म्हस, स्पीड बारीक करा." "स्कुटरवालो आत घुसतासा, जावंद्या त्याका." एक मिनिट गप्प बसायची सोय नाही. गप्प बसले तर हे लगेच, "गो?" म्हणायचे. घसा कोरडा पडायचा, पण पाणी प्यायला मान वर करायचीही धास्ती. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्याने शिकवलं. अस्नोड्याला चहाला थांबलो की हे आरामात भाजीपाव खायचे आणि मी टेबलावर डोकं ठेवून डोळे मिटायची. हॉटेलवाला विचारायचा, बाईंना बरं नाही का? मनात म्हणायची, कप्पाळ माझं, बरं असायला काय झालंय!

चिडायचीही. "मी काय बसचा कंडक्टर आहे?" म्हणून ओरडायची. हे हसायचे. घरी मात्र हसणं नाही की बोलणं नाही. खाणी बंद झाल्यापासून आमच्या घरात तसा आवाजच राहिला नव्हता. हे सोप्यावर, मी रांधपात चुलीशी. जेवायला वाढलंय, एवढं मी म्हणायचं. येतो, एवढं ह्यांनी. भांडण नव्हतं काही. विषय संपले होते.

त्या रविवारी मी ठरवूनच निघाले होते की ही शेवटची खेप. शर्यत संपली की ह्यांना सांगायचं, आण गेली खड्ड्यात, माझ्याच्याने आता होत नाही. मला रात्री झोपेतसुद्धा खांब दिसायला लागले होते.

शर्यत झाली. मी बघितली नाही. शेताच्या मेरेवर एका काजूच्या झाडाखाली पदर तोंडावर घेऊन आडवी झाले होते. तांबडी धूळ आणि ते गुरगुरणं सगळं अंगावरून गेलं. संपल्यावर मुलगा आला तो मनगट धरून. वळणावर कुणीतरी ठोकली होती, गाडीला काही नाही, हात मुरगळला होता. म्हणाला, "आई, मोटरसायकलवर मागे बसून नाही जमणार. मी तुमच्याबरोबर येतो."

पिकअपच्या केबिनमध्ये तिघं मावतात, नाही असं नाही. पण हे स्टिअरिंगवर, मुलगा हात दुखतो म्हणून डावीकडे खिडकीशी, आणि मी मध्ये. मधून डावा आरसा दिसत नाही. आणि दिसलं तरी बोलायचं कसं? "खांब आसा" म्हटलं की झालंच सगळं उघड.

निघालो. पहिल्याच वळणावर मी ह्यांचा गुडघा दाबला. उजवीकडे सरका, असं मला म्हणायचं होतं.

हे मोठ्याने म्हणाले, "काय गो, गुडघो कित्याक दाबतंस?"

देवा सायबा! मुलगा वळून बघायला लागला.

"नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवायला परवानगी लागते का आता?" मी म्हटलं.

मुलगा एवढा हसला की मनगट धरून कण्हला. पण ह्यांना समजलं. मग एकदा दाबलं की उजवीकडे, घट्ट धरला की बारीक करा, असं आपोआप बसत गेलं. पेडण्याच्या बाजारातून आम्ही तसेच पार झालो. माझा हात घामाने ओला, ह्यांची पँट ओली. कोलवाळचा पूल गेला. मुलाला झोप लागली. त्याचं डोकं खिडकीला टेकलं आणि डावीकडचं जे काय थोडं दिसत होतं तेही त्याच्या डोक्याआड गेलं.

अस्नोड्याच्या अलीकडे रस्ता अरुंद आहे. दिवस मावळत होता, उजेड अजून होता. समोर डाव्या कडेने बांधकामावरून सुटलेल्या बायका एका ओळीत चालल्या होत्या, डोक्यावर घमेली, त्यांत जेवणाचे डबे. मी गुडघा दाबला. हे उजवीकडे सरकले. तेवढ्यात समोरून बस आली. हे परत डावीकडे आले. मी घट्ट धरला, ह्यांनी थोडं बारीक केलं. पिकअप त्या बायकांच्या शेजारून गेलीसुद्धा. ह्यांना वाटलं, झालं. पण मागचं ते बाहेर आलेलं चाक मला आठवलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "थांबा! डावीकडे बायो आसत! थांबा, थांबा!"

ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मागे घमेलं पडल्याचा खणखणाट झाला. आवय गे! तो आवाज ऐकून मी डोळेच मिटून घेतले.

मुलगा उडी मारून उतरला. मीही त्याच्या मागून. शेवटची बाई दरडीला पाठ लावून उभी होती, हातभर अंतरावर ते चाक. घमेलं गटारात. तिला काही लागलं नव्हतं. पण तिने तोंड सोडलं ते पार ह्यांच्यापर्यंत ऐकू जाईल असं. "डोळं फुटलं व्हय रं तुजं? एवढी मानसं दिसंनात?"

मी तिचे हात धरले. घमेलं उचलून दिलं, डबा पुसून दिला. मुलाने हात जोडले. बाकीच्या बायका तिला घेऊन पुढे गेल्या, मागे वळून वळून बघत.

मुलगा ह्यांच्या खिडकीशी आला. "बाबा, त्या बायका तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्यो रे. समोरसून बस आयली म्हणान..."

"किती जणी होत्या?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस डावीकडे जे काही असेल ते मीच सांगत आले होते. आताही मी सांगेन, म्हणून ते वाट बघत होते. मला आकडा माहीत होता. नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं, एवढे आम्ही त्या कामात तयार झालो होतो.

मी म्हटलं, "ह्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. गेल्या पावसापासून."

मुलगा बॉनेटवर हात टेकून खाली मान घालून उभा राहिला. मागून येणारे हॉर्न मारत होते. मग म्हणाला, "माझ्या गाडीसाठी? ह्या भंगारासाठी तुम्ही दोघं?" मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ते सगळे हॉर्न.

हे दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, आता माझ्यावर उखडतील. आण मोडली होती मी. पण त्यांनी किल्ली काढून मुलाच्या चांगल्या हातात दिली, पिकअपला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले आणि डावीकडे खिडकीशी बसले. मी परत मध्ये.

मुलाने गाडी काढली. दुखऱ्या हाताने गिअर नीट पडत नव्हता, ट्रेलर मागे हिसके देत होता, पण तो दोन्ही आरसे बघत होता. मी पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी त्या रस्त्यावर मी पाठ टेकत होते. मला गप्प बसायला मिळत होतं आणि तेच मला हवं होतं.

डिचोली आली तेव्हा हे हळूच म्हणाले, "सांगितलंस ता बरा केलंस गो. मी पण थकलंय." मग म्हणाले, "पण आता तू माझ्याकडे बोलूची नाय."

"मी कधी बोलत होते? खांब, गडगो, म्हस. ते काय बोलणं झालं?"

"माका तेवढाच पुरो होता," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं, आणि मुलाला नीट गाडी चालवायची होती.