न सुधारलेलं क्रियापद

जुन्या इंग्रजी गोष्टीत एखादा खेडूत 'मला ठाऊक होतं' या अर्थी 'आय न्यू'ऐवजी 'आय नोड' म्हणताना दिसला, की मला आमच्या इंग्रजीच्या मॅडम आठवतात आणि मन भरून येतं.

मी कुडाळकडच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आले होते. सुरुवातीलाच एकदा तोंडातून 'मी आले'ऐवजी 'मी इलंय' निघालं आणि होस्टेलच्या मुली हसल्या. तेव्हापासून मी पुस्तकी मराठीच बोलू लागले, अगदी आईशी फोनवरसुद्धा. तीही मग अवघडून दोन शब्दांत फोन ठेवायची.

एकदा वर्गात मोठ्यानं वाचताना हे 'नोड' समोर आलं. मी ते सुधारून 'न्यू' वाचलं.

"आहे तसं वाच," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, हे छापताना चुकलंय."

"चुकलेलं नाही गं. त्या भागात माणसं तसंच बोलायची. लेखकानं जे ऐकलं तेच लिहिलं. त्याला त्या बोलण्याची लाज वाटली नाही."

मी पुन्हा वाचलं. तो शेतकरी कुठल्या मुलखातला, कोण जाणे, पण त्याचं ते क्रियापद उच्चारताना मला माझं 'इलंय' आठवलं.

संध्याकाळी होस्टेलच्या फोनपाशी माझ्यामागे मुलींची रांग होती. तरी मी आवाज बारीक केला नाही.

"आये, मी जेवलंय. तू काय करतंस?"

 पलीकडे गाय व्याली इथपासून आईनं जी सुरुवात केली, ती कितीतरी वेळ बोलतच राहिली.