न थांबणाऱ्या गाडीला हात

"वेगवान रेल्वे हवी असेल त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले आणि ग्रामसभेतले सगळे हात वर गेले. आमच्याकडे हात करतात तो एसटी थांबावी म्हणून. त्याच सवयीने शेजारच्या शेवंताकाकूंनी हात वर ठेवूनच मला विचारलं, "हितं थांबंल न्हवं गं?"

"नाही काकू. नुसती जाईल."

"जाऊ दे. कुणीतरी येळेवर पोचंल."

त्यांनी हात खाली घेतला नाही. माझाही वरच होता. आईने प्राण सोडला तेव्हा मी अजून एसटीतच होते. आता धावत जाऊन गाठावं असं कुणी उरलेलं नाही.

ठराव मंजूर झाला. मी हात खाली घेतला. त्याला मुंग्या आल्या होत्या. तेवढंच जाणवलं.