कोपऱ्यातलं रिकामं वर्तुळ

“अक्का, स्वल्प सरीरी,” अण्णा म्हणायचे. म्हणजे, ताई, जरा सरका. समोर कुणीच नसायचं. क्षणभर थांबून ते मोजायच्या टेपचं टोक जमिनीवर टेकवायचे.

नव्वदच्या दशकात हुबळीच्या मध्यावर मोठी बाग करायचं ठरलं. कोप्पीकर रोडपासून हाकेच्या अंतरावर पडीक मैदान होतं. आराखडा अण्णांचा, नकाशे काढायचे मी. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या मागं सगळे हसतात. आम्हीही हसायचो.

ताडांची रांग, बांबूचं बन, सावलीत नेचे, सगळं त्यांनी भराभर सांगितलं. ईशान्येच्या कोपऱ्यात मात्र एक वर्तुळ रिकामं ठेवायला लावलं.

“इथं काय लावायचं, अण्णा?”

“काही नाही. तिथं त्या अक्का बसतात.”

मला चेष्टा वाटली. पण एकदा भर दुपारी मी तिथं खुंटी ठोकायला वाकलो, तर मानेवर गार, ओलसर वारा आला. बाकी मैदानात पानही हलत नव्हतं.

पुढं आमच्या ऑफिसच्या साहेबांनी नकाशात त्याच वर्तुळात कारंजं घातलं. खोदकाम सुरू झालं. कमरभर खड्ड्यात तिघी बायका माती उपसत होत्या. काठावर उभ्या अण्णांनी अचानक हातातली छत्री टाकली.

“म्याल बर्री! लगूना बर्री!” वर या, लवकर या!

साहेब चिडले. अण्णांनी लक्षच दिलं नाही. स्वतः खाली उतरून एकेकीला हात धरून वर काढलं, मागोमाग आपण चढले, आणि खड्ड्याचा तळच गेला.

खाली दगडी विहीर होती. कुठल्याही जुन्या नकाशात ती नव्हती. मी सगळे पाहिले होते. इतकी वर्षं बुजलेल्या त्या विहिरीच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती, पाण्याकडून वर येणारी. साहेबांनीही पाहिली.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, “कोण आहेत त्या?”

अण्णांनी बशी खाली ठेवली. “नाव विचारायचं धाडस झालं नाही रे. पण आज त्या घाबरल्या होत्या. खड्ड्यातल्या तिघींसाठी.”

कारंजं रद्द झालं, विहिरीला कठडा बांधला. बाग पुरी व्हायला बरीच वर्षं लागली. त्याआधीच एका उन्हाळ्यात अण्णा कमरीपेठेतल्या घरी झोपेतच गेले.

उद्घाटनाला तोबा गर्दी होती. पहिल्या रांगेत मी अण्णांच्या नावानं एक खुर्ची राखून ठेवली होती. म्हातारी माणसंसुद्धा उभ्यानं भाषणं ऐकत होती, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

तिच्या शेजारच्या खुर्चीवरही नाही. ती मी राखलेली नव्हती.